मूर्तींचे कपाट

गेल्या वर्षी ईस्टरनंतरच्या मंगळवारी सकाळी माझ्या मामेसासऱ्यांच्या घरातून एक हिरवे लोखंडी कपाट बाहेर काढण्यात आले आणि टेम्पोत घालून पेठ गावाच्या दिशेने रवाना झाले. घर शरणपूर रोडच्या मागच्या गल्लीत आहे. गल्लीत त्या वेळी चर्चमधली बरीच माणसे उभी होती आणि त्यांतल्या दोन बायका डोळ्यांना पदर लावून होत्या. मामा रडत नव्हते. ते टेम्पोवाल्याला दोरीची गाठ कशी मारायची ते सांगत होते.

नाशिकच्या ख्रिस्ती समाजात मूर्तिपूजेविरुद्ध मामांइतके काम दुसऱ्या कोणीही केलेले नाही, हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करतो. लगेच एक खुलासाही करतो. दुसऱ्या कोणाच्या देवाबद्दल त्यांनी आयुष्यात वावगा शब्द काढलेला नाही. शेजारी आहेर राहतात. ते मूळचे नामपूरचे, कांद्याचा व्यापार मुलांवर सोपवून शहरात आलेले. त्यांच्याकडे दहा दिवसांचा गणपती असतो आणि मखराचे वायरिंग दरवर्षी मामाच तपासून देतात. उघडी वायर धर्म बघत नाही, असे त्यांचे म्हणणे. आहेर त्यांना चिडवतात, “मामा, मूर्ती आमच्या घरात, आणि दिवसभर मूर्ती-मूर्ती चालतं तुमच्या घरात.” यावर मामांचे उत्तर ठरलेले आहे. “तुमची दिसते, आहेर. तुम्ही कबूल करता. आमच्या दिसत नाहीत, म्हणून शोधाव्या लागतात. शिवाय मूर्ती करू नका ही आज्ञा आम्हाला दिलीय. तुमच्या घरी कशाला शोधू?”

मामा ओझरच्या विमान कारखान्यात तपासनीस होते. तयार झालेला भाग हातात घ्यायचा, मापायचा, उजेडात धरायचा, आणि शंका आली तर लाल चिठ्ठी लावून बाजूला ठेवायचा, हे काम त्यांनी निवृत्तीपर्यंत केले. निवृत्तीनंतर मापण्यासारखे काही हाताशी उरले नाही, तेव्हा त्यांनी चर्चची मंडळी मापायला घेतली. ते कोणाच्या घरी गेले की सलाम करतात, खुर्चीच्या कडेवर बसतात आणि पाणी येईपर्यंत एकदा चारही भिंतींवरून नजर फिरवतात. मग यजमानाला अगदी सौम्य आवाजात विचारतात, “यातलं काय गेलं तर रडाल?” लोक हसून काहीतरी सांगतात. नवीन टीव्ही म्हणतात, मुलाची बारावीची ट्रॉफी म्हणतात. मामा मान डोलावतात आणि म्हणतात, “सांभाळा.” एवढेच. पण एवढ्याने त्या घराची झोप उडते. एका घरात देव्हारा असावा तशा उंचीवर एका प्रसिद्ध प्रचारकाच्या फोटोचे कॅलेंडर होते, शेजारी त्यांच्याच सभेतून आणलेली तेलाची बाटली. मामांनी विचारले, “हे कोण?” घरधनी म्हणाले, “देवाचे फार मोठे सेवक आहेत.” मामा म्हणाले, “सेवकाला एवढी जागा दिलीत. मालक आले तर कुठे बसवणार?” पुढच्या भेटीत ते कॅलेंडर स्वयंपाकघराच्या दारामागे होते. मामांनी तिथेही जाऊन पाहिले.

स्वतःच्या बाबतीत ते अधिक कडक आहेत. एखादी वस्तू त्यांना आवडू लागली की तिचे दिवस भरले म्हणून समजावे. त्यांनी मनगटी घड्याळ दिले, बुद्धिबळाचा पट दिला, लाकडी आरामखुर्ची दिली, आणि मी हौसेने भेट दिलेले शाईचे पेन माझ्यादेखत पोस्टमनला दिले. कारण विचारले तर म्हणाले, “चांगलं चालायला लागलं होतं.” लांब दांड्याची एक छत्री त्यांनी अशाच कारणाने आहेरांना देऊन टाकली आणि तेव्हापासून दर पावसाळ्यात ते तीच छत्री आहेरांकडून मागून नेतात. आहेर म्हणतात, “घ्या की परत कायमची.” मामा म्हणतात, “नको. मागून आणली की डोक्यात जात नाही.” या पद्धतीने त्यांचे घर हळूहळू धर्मशाळेसारखे मोकळे झाले. एक पलंग, एक टेबल, दोन खुर्च्या, पवित्र शास्त्र आणि ते हिरवे कपाट. कपाट मामींचे. नांदगावहून नर्स म्हणून नाशिकला आल्यावर मामींनी लग्नाआधी स्वतः घेतलेली ती पहिली मोठी वस्तू. मामी करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेल्या. वरच्या दोन खणांत त्यांच्या साड्या आणि इस्त्रीचे पांढरे गणवेश तसेच होते, मधल्या खणात मामांचे शर्ट असत. या कपाटाला मामांनी स्वतःचा प्रश्न कधी विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही, आणि आम्हीही कोणी तो विषय काढला नाही.

याच कपाटाच्या खालच्या दोन खणांत ती प्रसिद्ध योजना सुरू झाली. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस आमच्याकडे उपवासाचे मानतात. कोणी मटण सोडतो, कोणी चहा. मामांचे मत असे की मटण सोडल्याने फक्त कोंबडीचा खप वाढतो. सोडायचे तर जे देवाच्या जागेवर येऊन बसले आहे ते सोडावे. म्हणून त्यांनी हे दिवस सुरू होतात त्या भस्मबुधवारच्या उपासनेनंतर जाहीर केले की ज्याला जी वस्तू सोडवत नाही ती त्याने आणून त्यांच्या कपाटात ठेवावी, ईस्टरला परत न्यावी. पहिल्या वर्षी टीव्हीचे रिमोट आले, एका निवृत्त शिक्षकांचे शेअर बाजार बघायचे टॅब्लेट आले, आणि एका आजीबाईंचा मशेरीचा डबा आला. आजीबाई रोज सकाळी येऊन म्हणायच्या, “उघडू नको बाबा. नुसतं दार किलकिलं कर, वास येऊ दे.” माझ्या बायकोने माझा दुसरा फोन नेऊन दिला, ज्यावर माझ्यासारख्या शहरातल्या सगळ्या बातमीदारांचे ग्रुप आहेत. तो बंद करायचा राहिला. त्या संध्याकाळी मामांकडे कौटुंबिक प्रार्थना होती आणि कपाटातून फोन वाजत राहिला. मामांनी प्रार्थना थांबवली आणि डोळे मिटूनच म्हणाले, “स्तोत्रात लिहिलंय, मूर्तींना तोंड असून बोलता येत नाही. जावईबापू, तुमची मोठी हुशार निघाली.”

सर्वांत गाजले ते पाळकसाहेबांचे प्रकरण. आमचे चर्च लहान आहे, मागच्या बाकावर बसून शिंकले तरी वेदीपर्यंत ऐकू जाते. तरी पाळकसाहेब कॉर्डलेस माइक घेऊन, वेदीपुढे येरझाऱ्या घालत उपदेश करीत. मामांनी त्यांना आपला नेहमीचा प्रश्न विचारला. पाळकसाहेब माणूस दिलदार, त्यांनी माइक काढून दिला. पुढच्या रविवारपासून उपदेश निम्म्यावर आला आणि लोकांच्या लक्षात राहू लागला. ईस्टरला वस्तू परत द्यायची वेळ आली तेव्हा मंडळीतल्या काही जबाबदार व्यक्तींनी मामांना एकांतात गाठून, किल्ली हरवली म्हणून सांगता येईल का, अशी विचारणा केली. मामांनी नकार दिला. माइक परत गेला. उपदेश पुन्हा लांबला.

त्याच वर्षी मार्थाबाईंनी एक पासपोर्ट आणून ठेवला होता. मार्थाबाई चर्चच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष, मामींच्या मैत्रीण. पासपोर्ट त्यांच्या नातवाचा. त्याला आखातात नोकरी हवी होती आणि घरात दुसरा विषय नव्हता. मार्थाबाई म्हणाल्या, “जेवताना शेजारी पासपोर्ट घेऊन बसतो, मामा. प्रभूचं नाव राहिलं बाजूला, दिवसभर त्या व्हिसाचा जप.” मामांनी पासपोर्ट ठेवून घेतला. उपवासाचे दिवस संपायच्या आतच नोकरीचे बोलावणे आले, पासपोर्ट घाईने काढून न्यावा लागला, व्हिसा झाला आणि नातू गेला. त्याने कितीतरी आधी अर्ज केला होता आणि बोलावणे त्याचे फळ होते, हे मी स्वतः त्याच्याकडून खात्री करून घेतले आहे. पण ही माहिती मंडळीत फारशी पसरली नाही. पसरली ती दुसरी माहिती.

गेल्या वर्षीच्या भस्मबुधवारी मामांच्या दारात चपलांचा ढीग होता. मामा हरखून गेले. रात्री जेवायला आमच्याकडे आले तेव्हा भाकरी मोडायचे विसरून सांगत होते, “रिमोट एकच आलाय, जावईबापू. लोक किती पुढे गेलेत. एकाने शेताचा सातबारा आणून ठेवला. शास्त्रातल्या त्या श्रीमंत तरुणाला संपत्ती सोडणं जमलं नाही, ते आपल्या मंडळीतल्या माणसाला जमलं. एका बाईंनी मुलीचा बायोडेटा ठेवला. म्हणजे लग्नाची काळजी सोडली. एकाने स्पर्धा परीक्षेचं हॉल तिकीट ठेवलं.”

“परीक्षा कधी आहे?” माझ्या बायकोने विचारले.

“पुढच्या महिन्यात.”

“मग तो परीक्षेला कसा बसणार?”

“परीक्षेच्या आदल्या दिवशी घेऊन जाणार आहे,” मामा म्हणाले, आणि आता कुठे त्यांनी भाकरी मोडली. “तसं त्याने सांगितलं खरं.”

बायकोने माझ्याकडे पाहिले. मी ताटात पाहिले. लोक वस्तू सोडायला नव्हे, काम व्हायला ठेवत होते, हे मामांना त्या दिवशी आम्ही सांगितले नाही.

ईस्टरच्या आदल्या रविवारच्या, म्हणजे झावळ्यांच्या रविवारच्या आधी मामा बाजारातून परत आले तेव्हा मार्थाबाई कपाटाच्या दारावर तळहात टेकवून डोळे मिटून उभ्या होत्या. कपाटाच्या मुठीला मोगऱ्याचा गजरा होता आणि समोरच्या खुर्चीवर मेणबत्ती जळत होती. घराचे दार उघडे होते कारण आहेरांकडे एक किल्ली असते. तेच मागे उभे होते. पुढचा संवाद मला आहेर आणि मामा या दोघांनी वेगवेगळा सांगितला, आणि तो जुळतो.

“गजरा कोणी बांधला?” मामांनी विचारले.

“मीच. तुमच्या मंडळींना आवडायचा मोगरा. आठवण म्हणून,” मार्थाबाई म्हणाल्या.

“आणि मेणबत्ती?”

“लाइट गेली होती.”

“पंखा चालू आहे, मार्थाबाई.”

“आत्ता आली.”

मार्थाबाई गेल्यावर आहेर म्हणाले, “मामा, हाई काय शे?” आहेर हबकले की नामपूरची बोली वर येते. मग सावरून म्हणाले, “अनुभवाने सांगतो. आमच्याकडे सुरुवात अशीच होते. आधी हार, मग नवस, मग पेटी, मग ट्रस्ट. त्यानंतर विश्वस्तांची कोर्टात भांडणं. आत्ताच आवरा.”

मामांनी आवरायचा प्रयत्न केला. रविवारी चर्चमध्ये उभे राहून सांगितले की कपाटात काहीही नाही, तो पत्रा आहे, आणि त्याच्या बिजागऱ्याही मूळच्या नाहीत. लोकांनी आदराने ऐकले. ज्याच्या हातून कृपा वाहते त्याने नम्रच असावे, असे दोघे-तिघे बाहेर म्हणताना मी ऐकले. सोमवारी वस्तू आणखी आल्या. मंगळवारी मामांनी वस्तू ज्याच्या त्याच्या घरी पोचवल्या आणि आहेरांच्या मुलाला हाताशी धरून कपाटाचे तोंड भिंतीकडे केले. बुधवारी लोक येऊन कपाटाच्या पाठीवर हात ठेवून गेले. शिवाय मामांचे धुतलेले शर्ट दाराआड अडकल्यामुळे ते उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या उपासनेला आहेरांचा शर्ट घालून आले, आणि तो त्यांना दोन माणसे मावतील इतका सैल होता. त्यावरून त्यांनी काहीतरी प्रायश्चित्त घेतले आहे अशी समजूत झाली. पाळकसाहेबांनी या विषयावर उपदेश करू असे सुचवले. मामा म्हणाले, “करा. पण माइकशिवाय.”

शनिवारी आम्ही दोघे त्यांच्याकडे गेलो. कपाट पुन्हा सरळ केलेले होते, दार उघडे होते आणि मामा पलंगावर बसून वरच्या खणांकडे पाहत होते. बायकोने चहा केला. कप त्यांच्या हातात देऊन म्हणाली, “मामा, तुमचा प्रश्न तुम्हाला विचारू?”

“नको.”

चहा अर्धा झाला. मग स्वतःच म्हणाले, “विचार.”

“हे गेलं तर रडाल?”

“हो,” मामा म्हणाले. कप खाली ठेवून त्यांनी शास्त्रातली ती पितळी सापाची गोष्ट काढली. रानात लोकांना साप चावत होते तेव्हा मोशेने देवाच्याच सांगण्यावरून पितळेचा साप करून खांबाला लावला, आणि जो त्याच्याकडे पाही तो वाचे. पुढे कित्येक पिढ्यांनी लोक त्याच सापापुढे धूप जाळू लागले, आणि एका राजाने तो फोडून टाकला. “मला आजवर वाटायचं, राजाने सोपं काम केलं,” मामा म्हणाले. “आज वाटतं, कसं केलं असेल? साप खोटा नव्हता गं. त्याने खरंच माणसं वाचवली होती. आजोबा-पणजोबांनी सांगितलं असेल, आम्ही याच्यामुळे जगलो. खोटी वस्तू टाकायला काय लागतं? चांगली वस्तूच आड येते.”

“तुम्ही याची पूजा करत नाही, मामा. मामींची आठवण आहे ती,” बायको म्हणाली.

“मी नाही करत. पण मी ठेवलं म्हणून मार्थाबाई करतात. आणि मी नाही करत हे तरी कशावरून? घड्याळ दिलं, खुर्ची दिली, छत्री दिली. एवढी सगळी तपासणी झाली आणि बरोबर हाच भाग माझ्या टेबलावर आला नाही. कारखान्यात असं केलं असतं तर घरी पाठवलं असतं मला.”

मी विचारले, “मग भंगारात देणार?”

“पत्रा चांगला आहे,” मामा जरा रागावून म्हणाले. “फोडायचं कशाला? जिथे कोणी ओळखत नाही तिथे पाठवायचं.”

पेठच्या पुढे एका पाड्याजवळ मुलींचे वसतिगृह आहे. तिथल्या अधीक्षक बाईंना ताटे आणि पांघरुणे ठेवायला कपाट हवे होते, हे मला बातमीच्या निमित्ताने माहीत होते. मी फोन केला. ईस्टरचा दिवस नेहमीसारखा गेला. सोमवारी मामांनी वरचे खण एकट्याने रिकामे केले. साड्यांतल्या दोन माझ्या बायकोला दिल्या, एक मार्थाबाईंना, बाकीच्या मामींच्या नांदगावच्या बहिणीकडे पाठवल्या. गणवेशांचे काय केले ते मला माहीत नाही. मंगळवारी टेम्पो आला. मार्थाबाई दारात आडव्या आल्या आणि म्हणाल्या, “मामा, तिची एवढीच वस्तू राहिली होती. तुमच्या तत्त्वापायी तिला घराबाहेर काढताय तुम्ही.” मामांच्या तोंडावर कोणी इतके कठोर बोललेले मी त्याआधी ऐकले नव्हते. मामा म्हणाले, “ती कपाटात नव्हती, मार्थाबाई. तुम्हाला आणि मला तेवढंच पटवून घ्यायचंय.” मार्थाबाई बाजूला झाल्या. टेम्पोवाल्याने कपाटाला खांदा लावला आणि म्हणाला, “लय जड हाय, बाबा. रिकामंच हाय ना?” मामा म्हणाले, “रिकामं आहे.” आणि दोरी हातात घेतली.

पुढच्या रविवारी मार्थाबाई उपासनेला मामांच्या बाकावर न बसता मागे बसल्या. मे महिन्यात पुन्हा त्यांच्या बाकावर आल्या. मामांचे शर्ट आता खोलीत बांधलेल्या दोरीवर असतात. योजना बंद झाली आहे, पण प्रश्न विचारणे चालू आहे. फरक एवढाच की हल्ली माणूस “हो, रडेन” म्हणाला तर मामा लगेच “सांभाळा” म्हणत नाहीत. थोडा वेळ बसतात, चहा घेतात आणि वस्तूविषयी विचारपूस करतात. कोणी दिली, केव्हा घेतली, अशी.

जूनमध्ये एका दुपारी मी त्यांच्याकडे असताना अधीक्षक बाईंचा फोन आला. मामांना कमी ऐकू येते, त्यामुळे त्यांचा फोन स्पीकरवर असतो. बाई म्हणाल्या, शाळा सुरू झाली, वसतिगृहात रंगारी आला आहे. देणगीत आलेल्या सगळ्या वस्तूंवर ‘यांच्या स्मरणार्थ’ म्हणून नाव घालायची आमच्याकडे पद्धत आहे, पंख्यांवरसुद्धा आहे. तुमच्या कपाटावर कोणाचे घालू?

मामांनी फोन टेबलावर ठेवला आणि दोरीवरचा एक शर्ट सरळ केला. बाईंना वाटले फोन कटला. त्या दोनदा हॅलो म्हणाल्या.

“नाव नको,” मामा म्हणाले.

“अहो, एका ओळीचं काम आहे. दोन मिनिटांत होईल.”

“नको, बाई.”

“बरं. अजून एक होतं. दाराच्या आत आरसा आहे ना, तो फार खाली लावलाय. आम्हा मोठ्यांना वाकावं लागतं. मुलींना बरोबर येतो, सकाळी तिथे रांग लागते वेण्या घालायला. सुतार पण आलाय, वर घेऊ का?”

“राहू द्या तिथेच.”

“एवढा खाली कोणासाठी लावला होता?”

“घरात एक बुटकी होती,” मामा म्हणाले.

गेल्या महिन्यात कामानिमित्त पेठला गेलो तेव्हा मी वसतिगृहात जाऊन आलो. कपाट जेवणघराशेजारच्या खोलीत आहे. वरच्या खणांत ताटे आहेत, खालच्या खणांत पांघरुणे. त्याच्यावर कोणाचेही नाव नाही. आरसा आहे त्याच जागी आहे.